रक्तातल्या आरएनएची बातमी देताय, तर पूर्ण द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या पानांवर हल्ली दर थोड्या दिवसांनी एक बातमी असतेच, की रक्तात अमुक एक आरएनए सापडला आणि आता हार्ट अटॅक यायच्या कितीतरी वर्षं आधी कळणार, नाहीतर तमुक आरएनए बंद पाडला की धमन्यांमधलं ब्लॉकेज आपोआप कमी होणार. बातमी चार ओळींची आणि हेडिंग चार कॉलम. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सँपल घेणं आणि मशीन चालवणं हे माझं रोजचं काम, आणि अशी बातमी आली की पुढचे काही दिवस लोक विचारत येतात, "ती आरएनएची टेस्ट तुमच्याकडे होते का?" विचारणारे रिकामटेकडे नसतात हो, कुणाच्या वडिलांची बायपास झालेली असते, कुणाचा भाऊ चाळिशीत गेलेला असतो, आणि त्यांना नुसतं नाही म्हणून परत पाठवायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण विषयच तसा आहे.

आधी एक स्पष्ट सांगते, हा विषय खोटा नाहीये आणि फालतू तर अजिबात नाहीये. धमन्यांच्या आजारात नॉनकोडिंग आरएनएचा, म्हणजे ज्यापासून प्रोटीन बनत नाही अशा आरएनएचा हात आहे, हे आता कुणी नाकारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या विषयात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आजार कसा होतो ते समजणं, रक्तावरून तो ओळखणं आणि त्यावर औषध देणं, आणि या तिन्ही सध्या तीन वेगळ्या टप्प्यांवर आहेत, पण बातमीत त्यांची पार खिचडी होते आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं तयार आहे, फक्त आपल्या डॉक्टरांनाच माहीत नाही.

तर मुळात हे आहे काय. आपल्या डीएनएत साधारण तीन अब्ज अक्षरं आहेत आणि त्यातून प्रोटीन बनवणारी जीन्स धरली तर जेमतेम वीस हजार, म्हणजे प्रत्यक्ष प्रोटीनचा मजकूर असलेला भाग दोन टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेल्या भागाकडे कितीतरी वर्षं कुणी नीट बघितलंच नाही. नंतर कळलं की त्यातल्याही बऱ्याच भागाची आरएनएच्या रूपात नक्कल होत असते, फक्त त्या आरएनएपासून प्रोटीन बनत नाही, म्हणून तो नॉनकोडिंग. आता यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे असं समजू नका, २०१२ मध्ये एनकोड नावाच्या मोठ्या प्रकल्पाने ८० टक्के डीएनए काही ना काही काम करतो असं म्हटलं तेव्हा शास्त्रज्ञांमध्येच जोरदार भांडण झालं होतं, नक्कल होते म्हणजे काम होतंच असं नाही म्हणून. पण काही तुकडे नक्की काम करतात आणि ते काम फार महत्त्वाचं असतं. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात असा पहिला छोटा आरएनए दाखवला, तेव्हा बहुतेकांनी ती त्या किड्याचीच काहीतरी खासियत म्हणून सोडून दिली, मग २००० साली तसाच दुसरा एक सापडला आणि तो माणसापर्यंत कितीतरी प्राण्यांमध्ये निघाला, तेव्हा कुठे लोक जागे झाले. २०२४ चं नोबेल या दोघांना मिळालं ते याच कामासाठी. एकतीस वर्षं लागली, हे मुद्दाम सांगतेय.

या छोट्या आरएनएला मायक्रोआरएनए म्हणतात, लांबी साधारण बावीस अक्षरं. पेशीत प्रोटीन बनवण्याचा निरोप घेऊन जो मेसेंजर आरएनए जातो त्याच्या शेपटाकडच्या भागाला हा जाऊन चिकटतो आणि मग ते प्रोटीन कमी बनतं. कमी बनतं, बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं काम आहे हे, बटणासारखं नाही. शिवाय एकच मायक्रोआरएनए कितीतरी जीन्सना हात लावतो आणि एका जीनवर अनेक मायक्रोआरएनए बसतात. औषध बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते, त्यावर पुढे येते. याशिवाय दोनशे अक्षरांपेक्षा मोठे लांब नॉनकोडिंग आरएनए असतात, आणि टोकं एकमेकांना जोडून गोल झालेले सर्क्युलर आरएनएपण असतात, त्यांच्या कामाच्या पद्धती अजून वेगळ्या.

आता धमनीकडे येऊ. चरबी साचली आणि रस्ता बंद झाला एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं, पण धमनीची भिंत जिवंत असते आणि आजार त्या भिंतीच्या आत होतो. आतलं अस्तर बिघडतं, एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराच्या खाली शिरतं, त्याच्यामागे पांढऱ्या पेशी शिरतात, त्या कोलेस्टेरॉल खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकतात, मग भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं आकुंचन पावायचं काम सोडून वाढायला लागतात, सरकतात, वरून एक टोपी तयार करतात, आणि ती टोपी पातळ होऊन एक दिवस फाटली की रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर कुठला ना कुठला मायक्रोआरएनए उभा आहे. अस्तराच्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए-१२६ भरपूर असतो. ब्लॉकेज कुठेही होत नाही, धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे जास्त होतं, कारण तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घुटमळतो. २०१४ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात असं दिसलं की घुटमळत्या प्रवाहाच्या जागी १२६ चं एक रूप कमी असतं आणि त्यामुळे तिथल्या अस्तराची झीज भरून निघत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण फाट्यावरच का, हा प्रश्न मानेच्या धमनीची सोनोग्राफी बघितलेल्या कुणालाही पडतो आणि प्रवाहाची गोष्ट थेट पेशीच्या आत कशी पोचते याचा एक दुवा तरी हाती लागला. तसंच १४३ आणि १४५ ही जोडी, हे दोघं स्नायूपेशींना आपल्या मूळ कामावर ठेवतात आणि भिंतीला इजा झाली की यांचं प्रमाण घसरतं आणि पेशी सैरावैरा वाढू लागतात.

पण मला सगळ्यात जास्त विलक्षण वाटतो तो मायक्रोआरएनए-३३. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एक जीन चालू होतं, एसआरईबीएफ२, आणि ते पेशीला सांगतं की बनव. आता या जीनच्याच पोटात, त्याच्या प्रोटीन न बनवणाऱ्या तुकड्यात, ३३ दडलेला आहे, म्हणजे ते जीन वाचलं गेलं की हा पण आपोआप बाहेर पडतो, आणि बाहेर पडून काय करतो, तर कोलेस्टेरॉल पेशीबाहेर टाकणारा जो पंप आहे, एबीसीए१, त्याला दाबून टाकतो. एकाच झटक्यात बनवणं चालू आणि बाहेर टाकणं बंद. २०१० मध्ये हे उघड झालं आणि लगेच पुढची कल्पना आली की ३३ ला अडवलं तर पंप जोरात चालेल आणि एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढेल. उंदरांमध्ये वाढलं. माणसात ३३ चे दोन भाऊ आहेत आणि उंदरात एकच, म्हणून मग २०११ मध्ये माकडांवर करून बघितलं, तिथेही एचडीएल वाढलं आणि ट्रायग्लिसराइडवालं व्हीएलडीएल कमी झालं.

इथपर्यंतची बातमी छापून येते. पुढची येत नाही. पुढे असं झालं की उंदरांना जास्त चरबीचं खाणं देऊन दीर्घकाळ ३३ अडवला तेव्हा काही प्रयोगांत ट्रायग्लिसराइड वाढलं आणि लिव्हरला चरबी धरली, काही प्रयोगांत तसं झालं नाही, म्हणजे एकमत नाही. आणि दुसरं म्हणजे एचडीएल वाढवलं की अटॅक कमी होतात हेच मुळात माणसांवर टिकलं नाही. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांच्या वर वाढवलं होतं आणि तरी २००६ मध्ये साधारण १५ हजार रुग्णांवरची ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. रिपोर्टवरचा आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही लॅबवाले तर रोज बघतो.

आता ९पी२१ बद्दल सांगायलाच हवं. आपल्या नवव्या क्रोमोसोमवर एक जागा आहे, तिचं हे नाव. २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या टीम्सनी हजारो लोकांचा डीएनए तपासला आणि सगळ्यांचं बोट एकाच जागी गेलं. या जागेत विशिष्ट फरक असलेल्यांना हृदयाच्या धमन्यांचा आजार जास्त होतो. युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण चार-पाचातल्या एकाकडे हा फरक आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून आलेला असतो आणि त्यांचा धोका तीस-चाळीस टक्क्यांनी जास्त धरतात. गंमत नाही, कोडं असं की त्या जागेत प्रोटीन बनवणारं एकही जीन नाही. आणि हा फरक असला म्हणून कोलेस्टेरॉल वाढत नाही, बीपी वाढत नाही, शुगर वाढत नाही. म्हणजे आपण जे जे मोजतो त्यात तो कुठे दिसतच नाही. तिथून निघतो तो एक लांब नॉनकोडिंग आरएनए, त्याचं नाव अ‍ॅनरिल. त्याचं एक सरळ रूप आहे आणि एक गोल रूप आहे, आणि २०१६ मध्ये दाखवलं गेलं की गोल रूप पेशीतल्या पीईएस१ नावाच्या प्रोटीनला धरून ठेवतं, त्यामुळे रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रोटीन बनवणारे कारखाने, बनण्यात अडथळा येतो, पेशींची बेसुमार वाढ थांबते आणि ते धमनीच्या फायद्याचं ठरतं असं दिसतं.

सँपल देताना खुर्चीत बसलेली माणसं खूप बोलतात. कधी सिगरेट ओढली नाही, खाणंपिणं बेताचं, कोलेस्टेरॉल नॉर्मल, आणि तरी दोन स्टेंट, अशी माणसं विचारतात की मी कुठे चुकलो. प्रत्येकाचं उत्तर ९पी२१ आहे असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणूही नये, एका माणसापुरतं तसं सांगताच येत नाही. पण जन्मतः मिळालेली अशीही एक बाजू असते जी आपल्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये उमटत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, कारण घरचे लोक त्यांच्या प्रत्येक घासाचा हिशोब मागायला लागलेले असतात. तुमच्या पानावर या आरएनएबद्दल लिहायचं असेल तर हे लिहा ना, याने माणसाच्या मनावरचं ओझं खरोखर हलकं होतं.

आणि हेही लिहा की २००७ पासून इतकी वर्षं झाली, जगभरातली हुशार माणसं लागली आहेत, तरी ९पी२१ वरून निघालेलं एकही औषध नाही. कारण हे लांब आरएनए प्राण्या-प्राण्यांत फार बदलतात. उंदरातली त्याच्या जवळपासची जागा २०१० मध्ये काढून टाकून बघितली होती, शेजारच्या जीन्सचं काम बदललं पण माणसाचं कोडं त्याने सुटलं नाही. ज्या गोष्टीला उंदरात नीट जोडच नाही तिची औषधं उंदरावर कशी तपासणार.

आता माझ्या कामाचा भाग, रक्ताची टेस्ट. आरएनए हा फार नाजूक, उघडा पडला तर रक्तातली एन्झाइम्स त्याचा लगेच भुगा करतात. पण २००८ मध्ये दिसलं की मायक्रोआरएनए रक्तात चांगले टिकून राहतात, कारण ते छोट्या पिशव्यांमधून किंवा प्रोटीनला नाहीतर एचडीएलला चिकटून फिरतात. तेव्हापासून शोधनिबंधांचा पूर आला, धमनीच्या रुग्णांमध्ये हा वाढला, तो कमी झाला. आशा चुकीची नव्हती. पण नळीत रक्त येईपर्यंत आणि नळीतून मशीनमध्ये जाईपर्यंत काय काय होतं ते बातमी देणाऱ्याने एकदा लॅबमध्ये उभं राहून बघायला हवं.

दंडाला पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, सुई बारीक घेतली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, किंवा ट्यूब खसाखसा हलवली, की लाल पेशी फुटतात आणि सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं पिवळं सिरम गुलाबी नाहीतर लालसर दिसतं. आम्ही त्याला हिमोलाइज्ड म्हणतो, पोटॅशियमचा रिपोर्ट खोटा वाढून येतो म्हणून सँपल परत मागवतो. आता लाल पेशींमध्ये ४५१ आणि १६ नंबरचे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. थोड्याशा पेशी फुटल्या, इतक्या थोड्या की सिरमचा रंग डोळ्यांना जेमतेम कळतो, तरी या दोघांचा आकडा वर जातो. आणि अडचण अशी की कित्येक अभ्यासांत बाकीच्यांची तुलना करायला आधार म्हणून १६ च वापरलेला होता. मोजपट्टीच आखूड-लांब होत असेल तर माप काय येणार!

मग हेपरिन. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये असतं ते, रक्त गोठू नये म्हणून. ज्या पीसीआर पद्धतीने हे आरएनए मोजतात तिला हेपरिन चालत नाही, ती अडखळते आणि आकडा खोटा कमी येतो. ट्यूब बदलता येते, पण कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफीसाठी आलेल्या रुग्णाच्या अंगातच हेपरिन दिलेलं असतं. म्हणजे रुग्णाचं सँपल हेपरिन असलेलं आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाचं सँपल हेपरिन नसलेलं, आणि मग दोघांत फरक दिसला म्हणून निबंध. तो फरक आजाराचा आहे का इंजेक्शनचा?

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण वर सांगितलेल्या १२६ चं. काही अभ्यासांत दिसलं की धमनीच्या रुग्णांच्या रक्तात १२६ कमी असतो, आणि ते पटण्यासारखंही होतं, अस्तर बिघडलं तर अस्तराचा आरएनए कमी होणारच. पण रक्तातला बराच १२६ प्लेटलेट्समधून येतो, आणि २०१३ च्या सुमारास दाखवून दिलं गेलं की अ‍ॅस्पिरिनसारखी प्लेटलेट्स शांत करणारी औषधं घेतली की रक्तातला १२६ उतरतो. आता सांगा, धमनीचा कुठला रुग्ण अ‍ॅस्पिरिन घेत नाही? जवळजवळ सगळेच घेतात. मग कमी झालेला १२६ आपल्याला आजाराबद्दल सांगतोय का रोज रात्रीच्या गोळीबद्दल? शिवाय सँपल हलकं फिरवलं की प्लाझ्मात प्लेटलेट्स उरतात, जोरात फिरवलं की उरत नाहीत, म्हणजे एकाच माणसाचं एकाच वेळचं रक्त दोन लॅबमध्ये दोन आकडे दाखवणार.

अटॅक चालू असताना ओळखायचा म्हटलं तर ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन, आहेच, हल्लीचं हायसेन्सिटिव्ह ट्रोपोनिन तर फारच लवकर पकडतं. हृदयाच्या स्नायूतले २०८ आणि ४९९ हे मायक्रोआरएनए अटॅकमध्ये वाढतात हे खरं, पण त्यांनी ट्रोपोनिनला मागे टाकलेलं नाही. म्हणूनच कुठल्याही मोठ्या हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शनात मायक्रोआरएनएची टेस्ट करा असं सांगितलेलं नाही. उद्या सांगतीलही, एकाच पद्धतीने सँपल घेऊन, मोठ्या संख्येने, वेगवेगळ्या ठिकाणी तेच उत्तर आलं तर नक्की सांगतील, मला तर ते बघायला फार आवडेल. पण आज कुणी पैसे घेऊन ही टेस्ट करून देतो म्हणालं तर त्या रिपोर्टवरून औषध चालू किंवा बंद करण्यासारखं त्यात काही नसतं.

औषधाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती खरोखर आनंदाची आहे, पण नेमकी ती बातम्यांत हरवते. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवलं की दुहेरी धाग्याचा आरएनए बाहेरून दिला तर त्याच्याशी जुळणारा निरोप पेशी स्वतःच कापून टाकते, त्यांना २००६ चं नोबेल मिळालं. इकडे २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांमध्ये पीसीएसके९ नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे कोलेस्टेरॉल प्रचंड वाढतं असं सापडलं. आणि २००६ मध्ये उलटं दिसलं, की ज्यांच्यात हे जीन जन्मतःच निकामी होतं त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयाच्या धमन्यांचा आजार ८८ टक्के कमी होता. आयुष्यभर एलडीएल थोडं कमी राहिलं तर केवढा फरक पडतो बघा. मग या दोन गोष्टी जोडून इन्क्लिसिरान बनलं. तो एक प्रयोगशाळेत बनवलेला छोटा आरएनए आहे, त्यापासून कुठलं प्रोटीन बनत नाही, तो पेशीतली तीच यंत्रणा वापरतो जी आपले मायक्रोआरएनए वापरतात, आणि लिव्हरमधला पीसीएसके९ चा निरोप कापत राहतो. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी एक. एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. अटॅक आणि मृत्यू किती कमी होतात हे बघायला हजारो लोकांवरच्या चाचण्या वेगळ्या लावल्या गेल्या, तेच बरोबर आहे, टॉरसेट्रापिबने धडा दिलाच होता.

लिपोप्रोटीन-ए वरपण हीच पद्धत वापरतायत. हा एलडीएलचाच एक चिवट प्रकार, जवळजवळ पूर्णपणे जन्मतः ठरलेला, साधारण पाचातल्या एका माणसात जास्त असतो आणि स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनी, कमी होत नाही. २०२२ मध्ये ओल्पासिरान नावाच्या आरएनए इंजेक्शनने तो ९५ टक्क्यांहून जास्त उतरवून दाखवला. आणि ज्या लोकांना आरएनएची टेस्ट हवी असते त्यांना मी सांगते, घरात लहान वयात अटॅक आलेत ना, मग डॉक्टरांना एकदा लिपोप्रोटीन-ए बद्दल विचारा, साधी टेस्ट आहे, युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शनात प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा करायचा विचार करावा असं म्हटलंय. लोकांच्या कामाची टेस्ट ही आहे आणि तिचं नाव कुणाला माहीत नसतं.

पण ही दोन्ही औषधं लिव्हरवर चालतात, धमनीवर नाही. आरएनएला एक विशिष्ट साखर जोडली की लिव्हरच्या पेशी त्याला बरोबर ओढून घेतात, ती युक्ती फक्त लिव्हरसाठीच आहे. धमनीच्या भिंतीतल्या नेमक्या पेशीत औषध पोचवायची तितकी भरवशाची युक्ती अजून हातात नाही, त्यामुळे १४५ देऊन स्नायूपेशी शहाण्या करू किंवा ३३ अडवून ब्लॉकेज उपसू हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि एक मायक्रोआरएनए कितीतरी जीन्सना हात लावतो म्हणून जे वर म्हटलं त्यातला धोकाही खरा आहे, कॅन्सरसाठी मायक्रोआरएनए-३४ शरीरात देण्याची एक चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, रुग्णांची प्रतिकारशक्ती उसळून गंभीर त्रास झाले आणि काहींचा मृत्यू झाला.

तर संपादक महाशय, मागणी काही फार मोठी नाही. अशी बातमी छापताना ती उंदराची आहे का माणसाची हे हेडिंगमध्येच लिहा, शेवटच्या ओळीत नको, शेवटची ओळ कुणी वाचत नाही. किती माणसांवर बघितलं आणि दुसऱ्या कुणाला तेच उत्तर आलं का हे लिहा. रक्ताची टेस्ट असेल तर रुग्ण कुठली औषधं घेत होते आणि सँपल कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं होतं एवढं तुमच्या वार्ताहराने विचारलं तरी निम्म्या बातम्या गळून पडतील. आणि औषध असेल तर ते शरीरात कुठे पोचतं, हा एक प्रश्न.

अजून एक, अशा बातमीच्या शेजारी एक छोटी चौकट द्या. ५२ देशांमध्ये झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात २००४ मध्ये दिसलं होतं की पहिल्या अटॅकचा जवळजवळ ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे, तंबाखू-सिगरेट, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्यांचं खाणं, व्यायाम, दारू. आणि ज्यांच्या जीन्समध्येच धोका जास्त आहे अशा लोकांमध्येही चांगल्या सवयी असलेल्यांचा धोका वाईट सवयीवाल्यांच्या जवळजवळ निम्मा होता, हे २०१६ मध्ये दिसलं. वडिलांच्या बायपासची फाइल घेऊन येणाऱ्या मुलाला हे दुसरं वाक्य मी नेहमी सांगते. त्याला वाटत असतं की आता आपलंही ठरलेलंच आहे, आणि आरएनएच्या अर्धवट बातम्यांनी ते वाटणं अजून पक्कं होतं. ही चौकट तुम्ही छापली तर तिचं कात्रण आमच्या काउंटरवर लावायला मला परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक आणि लॅब टेक्निशियन